हुकूमनामा हातात, ताबा तिसऱ्याकडे

आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. पण जुन्या नाशकात ज्याचं एखादं घर आहे, किंवा जो अशा घरात भाड्याने राहतो, त्याला तो परका वाटणार नाही. घरमालक दावा लावतो. वर्षानुवर्षं तारखा पडतात. शेवटी जागा खाली करून देण्याचा हुकूमनामा होतो. अपील होतं, तेही फेटाळलं जातं. मग एका सकाळी कोर्टाचा बेलिफ ताबा वॉरंट घेऊन जागेवर जातो, आणि दार उघडणारा माणूस भाडेकरू नसतोच. तिसराच कुणीतरी असतो. तो वॉरंट वाचतो आणि विचारतो, 'यात माझं नाव कुठे आहे?' बेलिफ कागद खालीवर करून बघतो. नाव खरंच नसतं. मग अडथळा झाला, ताबा मिळाला नाही, असा अहवाल लिहून तो परत फिरतो.

या तिसऱ्या माणसाचं कायद्याने काय करायचं, हा आजचा प्रश्न. त्यासाठी आपण दोन मजकूर समोर ठेवू. पहिला, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मधले नियम ९७ ते १०३. दुसरा, सर्वोच्च न्यायालयाचा २२ एप्रिल २०२१ चा 'राहुल शाह विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी' हा निकाल. पुस्तकाचं परीक्षण करतो तसं निकालाचंही करता येतं. तो काय म्हणतो, लोकांनी त्यातलं काय उचललं, काय सोडून दिलं, हे बघता येतं. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या निकालातले शेवटचे निर्देश सगळ्यांच्या तोंडी आहेत आणि सुरुवातीचे फारसं कुणी वाचत नाही. सुरुवातीचे पाळले नाहीत, तर शेवटचे अन्यायाचे होतात.

तक्रार तशी जुनीच आहे. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने दरभंगा राजच्या एका प्रकरणात म्हणून ठेवलं की हिंदुस्थानातल्या पक्षकाराचे हाल हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. दीडशे वर्षं उलटली. कोर्टाच्या आवारात आजही हेच ऐकू येतं, फक्त शब्द वेगळे: 'दावा जिंकलो, आता दरखास्त लढतोय.' दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज. जिंकल्यानंतर पुन्हा लढायचं, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही विचित्र आहे असं वाटेनासं झालं आहे.

तिसरा माणूस म्हणजे नेमका कोण

वकिलांच्या भाषेत हा माणूस 'अडथळा करणारा'. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात तर 'ऑब्स्ट्रक्शनिस्ट नोटीस' असा रुळलेला शब्दच आहे. त्या एका शब्दाने सगळे एका रांगेत उभे राहतात. प्रत्यक्षात ते सारखे नसतात.

समजा, भद्रकालीकडे किंवा सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात एक वाडा आहे. रस्त्याकडेला दोन गाळे, आत चौक, मागे खोल्या, वर माडी. नगर भूमापनात सगळ्या वाड्याला एकच नंबर. माडीवरच्या दोन खोल्या साठ वर्षांपूर्वी एका गृहस्थांना भाड्याने दिल्या. आज तिथे कोण असू शकतं?

एक, त्या गृहस्थांचा धाकटा मुलगा. पावती थोरल्याच्या नावाने फाटते, दावाही थोरल्यावरच झाला. दोन, पोटभाडेकरू. मूळ भाडेकरू कधीच गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि खोल्या दुसऱ्याला देऊन गेला. तीन, दावा चालू असताना मुद्दाम आणून बसवलेला माणूस. कधी मेहुणा, कधी गोदामवाला, कधी नुसतंच एक कुलूप. चार, भाडेकरूची बायको. नवरा सोडून गेला, दाव्याच्या नोटिसा त्याच्या नावाने आल्या, त्याने त्या घेतल्या आणि तोंड फिरवलं. पाच, स्वतंत्र हक्क सांगणारा. तो म्हणतो, मला या भाडेकरूने ठेवलेलं नाही, मालकाच्याच भाऊबंदांनी ठेवलंय, माझ्याकडे त्यांची पावती आहे.

या पाचही जणांची नावं वॉरंटमध्ये नसतात. दारात उभं राहून पाचही जण एकच वाक्य बोलतात. पण कायद्यात पाचांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

धाकट्या मुलाचं उत्तर सोपं आहे. वारसांकडे येणारा भाडेहक्क संयुक्त असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितलं. मुंबईहून गेलेल्या 'अशोक जुकर विरुद्ध किशोर मंत्री' या प्रकरणात २००१ मध्ये तेच पुन्हा ठरलं. एका वारसाविरुद्धचा हुकूमनामा बाकीच्या संयुक्त भाडेकरूंवरही बंधनकारक. घरातल्या घरात 'मला कुणी विचारलं नाही' म्हणून भागत नाही.

दावा चालू असताना आणून बसवलेल्याचंही सोपं आहे. नियम १०२ सांगतो की दावा दाखल झाल्यावर ऋणकोकडून ज्याने जागा घेतली, त्याला अडथळ्याच्या या नियमांचा आधार नाही. इथे ऋणको म्हणजे ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला तो.

पोटभाडेकरूपाशी मात्र गाडी अडते, आणि ती महाराष्ट्रात जास्त अडते. का, ते बघू.

तारखांचा गुंता

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने पोटभाडेकरू ठेवायला बंदी घातली. पण लोक ठेवतच राहिले. मग कायद्याने वेळोवेळी माफी दिली. १९५९ मध्ये वटहुकूम काढून २१ मे १९५९ पूर्वीचे पोटभाडेकरू नियमित केले. १९७३ मध्ये, १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर जागेत असलेल्यांना भाडेकरू मानलं. पुढे पोटभाडेकरूंसाठीही हीच १ फेब्रुवारी १९७३ ची रेषा आली. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने ती कायम ठेवली. मूळ भाडेकरूचा हक्क संपला तर असा कायदेशीर पोटभाडेकरू थेट मालकाचा भाडेकरू होतो.

म्हणजे बघा. तोच माणूस, तीच खोली, तोच स्टोव्ह. तो जानेवारी १९७३ मध्ये आला असेल तर भाडेकरू आणि मार्च १९७३ मध्ये आला असेल तर बेकायदा. आता पन्नास वर्षांनंतर हे सिद्ध कशाने करायचं? रेशनकार्ड, विजेचं बिल, मतदार यादी, दुकान असेल तर गुमास्ता परवाना. अर्धे कागद उंदरांनी खाल्लेले, उरलेल्या अर्ध्यांवर आजोबांचं नाव.

हा पुरावा बघायचा कधी? इथे आपण एका जुन्या निकालाकडे येतो. १९६४ च्या 'रूपचंद गुप्ता विरुद्ध रघुवंशी' मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की भाडेकरूविरुद्धच्या दाव्यात पोटभाडेकरूला पक्षकार करणं सक्तीचं नाही. हुकूमनामा संगनमताचा किंवा फसवणुकीचा नसेल, तर तो त्याच्यावरही बंधनकारक. त्याआधी, मुंबईच्या एका प्रकरणात, पोटभाडेकरू हा योग्य पक्षकार आहे पण आवश्यक नाही, असं झालं होतं.

कायदा म्हणून यात चूक नाही. भाडेकरूच्या हक्कावर ज्याचा हक्क टेकलेला, तो भाडेकरूबरोबरच पडणार. पण या तत्त्वाने वकिलांना एक सवय लावली. 'पोटभाडेकरूला कशाला पार्टी करता? नोटीस लागायला दोन वर्षं जातील. पावती ज्याच्या नावाची, त्याच्यावर दावा लावा आणि मोकळे व्हा.' सुरुवातीला वाचवलेली ही दोन वर्षं शेवटी व्याजासकट भरावी लागतात, कारण तत्त्व साध्या पोटभाडेकरूला लागू होतं, १९७३ पूर्वीच्या कायदेशीर पोटभाडेकरूला नाही. आणि दारातला माणूस त्यातला कोणता, हे तोवर कुणी विचारलेलंच नसतं.

नियम चांगले आहेत

आता नियम ९७ ते १०३. आमच्या मते दिवाणी संहितेतला हा उत्तम विचार केलेला भाग आहे.

नियम ३५ म्हणतो, हुकूमनामा ज्यांच्यावर बंधनकारक आहे त्यांना हलवा, गरज पडली तर कुलूप तोडा. नियम ३६ म्हणतो, जागेत असा कुणी असेल ज्याला राहण्याचा हक्क आहे आणि हुकूमनामा ज्याला लागू नाही, तर वॉरंटची प्रत दर्शनी जागी चिकटवा आणि दवंडी पिटवा. म्हणजे कागदोपत्री ताबा मालकाचा, माणूस तिथेच. कायद्याला हा फरक पहिल्यापासून माहीत आहे.

मग कुणी अडवलं तर? पूर्वी कोर्ट वरवर चौकशी करायचं आणि हरलेल्याने वेगळा दावा लावायचा. म्हणजे दाव्यातून दरखास्त, दरखास्तीतून दावा. १९७६ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७७ पासून, हे थांबवलं. नियम १०१ आता सांगतो की हक्क, मालकी, हितसंबंध, जे काही प्रश्न निघतील ते दरखास्त चालवणाऱ्या कोर्टानेच ठरवायचे. वेगळा दावा नाही. नियम ९८ प्रमाणे, ऋणकोच्या सांगण्यावरून विनाकारण अडवणाऱ्याला हटवल्यावरही त्याने अडवलं, तर तीस दिवसांपर्यंत दिवाणी तुरुंग. नियम ९९ प्रमाणे, ज्याला चुकून बाहेर काढलं त्याला परत येण्याची वाट. नियम १०३ प्रमाणे, हा निर्णय हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील.

१९९७ च्या 'ब्रह्मदेव चौधरी' निकालाने एक माणुसकीची गोष्ट केली. तिसऱ्या माणसाने आधी बाहेर फेकलं जायचं आणि मगच दाद मागायची, असं नाही, तो दारात असतानाच त्याचं ऐका, असं कोर्ट म्हणालं. १९९८ च्या 'सिल्व्हरलाइन फोरम' ने दुसरी बाजू सावरली. कुणीही येऊन काहीही म्हणाला म्हणून प्रत्येक गोष्टीचा खटला करायचा नाही. प्रश्न खरोखर त्या दोघांमध्ये उद्भवणारा आणि निर्णयाला लागणारा हवा. अनेकदा तो नुसत्या कैफियतीवरून ठरवता येतो.

दोन्ही निकाल एकत्र वाचले तर तोल साधलेला आहे. मग घोडं अडतं कुठे? वेळेत. अडथळा अर्जात पुरावा होतो, उलटतपासण्या होतात, वर्षं जातात. निर्णय झाला की तो हुकूमनाम्यासारखा, म्हणून पहिलं अपील, मग दुसरं. एका दाव्याच्या पोटात दुसरा अख्खा दावा जन्माला येतो. आणि तोवर जागेचं भाडं? बहुतेक वेळा जुनंच, तेही न दिलेलं. मूळ भाडेकरू कधीच निघून गेलेला, तिसरा म्हणतो माझा तुमच्याशी करारच नाही.

यावर तोडगा कायद्यात नाही असं नाही. 'मार्शल सन्स' प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी चौकशी लांबणार असेल तर कोर्टाने जागेत बसलेल्याला वाजवी रक्कम भरायला लावावी, नाहीतर रिसीव्हर नेमावा. २००४ च्या 'आत्माराम प्रॉपर्टीज' मध्ये अपिलाच्या काळात स्थगिती हवी असेल तर बाजारभावाने रक्कम भरायची अट घालता येते, हे ठरलं. फुकट बसता येतं तोवर अडथळा हा धंदा असतो. दरमहा बाजारभाव भरावा लागला की खऱ्या हक्काचा माणूस टिकतो, उभा केलेला माणूस पळतो. हे साधं हत्यार आहे. पण ते अर्ज करून मागावं लागतं, आणि बरेच डिक्रीदार ते मागतच नाहीत.

निकालाचं वाचन

आता २०२१ चा निकाल. खंडपीठ सरन्यायाधीश शरद बोबडे, न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांचं, निकालपत्र भट यांचं. प्रकरण बंगळुरूच्या मिळकतीचं. तिसऱ्या पक्षांच्या हक्कांच्या नावाखाली हुकूमनामा वर्षानुवर्षं अडकला. कोर्टाने त्या निमित्ताने देशभरच्या दिवाणी न्यायालयांना निर्देशांची यादीच दिली.

वर्तमानपत्रांनी त्यातला एक निर्देश उचलला: दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. वकिलांनी दुसरा उचलला: तिसऱ्या पक्षाच्या अर्जावर यांत्रिकपणे नोटीस काढू नका. तिसरा म्हणजे, जो मुद्दा योग्य ती दक्षता घेतली असती तर दाव्यातच काढता आला असता, तो दरखास्तीत ऐकू नका. चौथा, दरखास्तीत साक्षीपुरावा अपवादानेच घ्या. आज कुठल्याही डिक्रीदाराच्या अर्जात ही चार वाक्यं असतात.

पण यादीची सुरुवात कुठून होते? सुरुवात दाव्यापासून होते. ताब्याच्या दाव्यात कोर्टाने पक्षकारांना आधीच विचारावं की या जागेत तिसऱ्या कुणाचा हितसंबंध आहे का. कागद हजर करायला लावावेत. ताब्याबद्दल वाद नसेल तर कोर्ट कमिशनर पाठवून जागेचं नेमकं वर्णन आणि स्थिती नोंदवून घ्यावी. त्यानंतर आवश्यक किंवा योग्य असेल त्याला पक्षकार करून घ्यावं. गरज पडली तर जागा कोर्टाच्या देखरेखीत ठेवावी. आणि ताब्याचा हुकूमनामा देण्याआधी त्यातलं मिळकतीचं वर्णन निःसंदिग्ध आहे याची खात्री करावी.

ही यादी आपल्या वाड्याला लावून बघा. 'माडीवरील दोन खोल्या, पूर्वेस जिना, पश्चिमेस मालकाची जागा' अशा चतुःसीमेवर हुकूमनामा होतो. दरम्यान कुणी मधली भिंत पाडलेली असते, जिना फिरवलेला असतो. बेलिफला कळत नाही कुठली खोली. कमिशनरची एक दुपार आणि एक हातनकाशा यांनी हे टळलं असतं.

इथे आमची टीका सुरू होते. टीकेला दोन टोकं आहेत.

पहिलं टोक वाचणाऱ्यांवर. निकालाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हा एक सौदा आहे. दाव्याच्या सुरुवातीला तिसऱ्याला शोधा, त्याला बोलवा, त्याचं ऐका. मग शेवटी तो दारात उभा राहिला तर त्याला म्हणता येतं, 'तुला संधी होती.' पूर्वार्ध पाळलाच नाही आणि उत्तरार्ध मात्र वापरला, तर 'दक्षता घेतली असती तर' हे वाक्य कुणाला उद्देशून आहे? ज्याला दावाच माहीत नव्हता त्याने दक्षता कशी घ्यायची? नवऱ्याने टाकलेल्या त्या बाईचंच उदाहरण घ्या. २००५ च्या 'अचला आनंद' निकालाने मान्य केलंय की भाडेकरू नवरा सोडून गेला आणि लढत नसेल, तर लग्नसंबंध टिकून असेपर्यंत पत्नीला त्या दाव्यात बचाव करता येतो. पण दाव्यात! दाव्याची नोटीस नवऱ्याच्या नावाने गेली आणि तिला पहिल्यांदा कळलं ते बेलिफकडून. तिच्या अर्जावर नोटीसही काढायची नाही आणि पुरावाही घ्यायचा नाही, असं म्हटलं तर २००५ चा तो हक्क कागदावरच राहतो.

दुसरं टोक निकालावर. नियम १०१ म्हणतो सगळे प्रश्न इथेच ठरवा, वेगळा दावा नाही. निकाल म्हणतो पुरावा अपवादानेच. पण जानेवारी १९७३ की मार्च १९७३, हे पुराव्याशिवाय ठरत नाही. वेगळ्या दाव्याचं दार १९७७ पासून बंद. हेही दार अर्धं लावलं तर खऱ्या माणसाने जायचं कुठे? उभा केलेला आणि खरा, यांना वेगळं करायची चाळणी निकालाने हवी तेवढी स्पष्ट दिली नाही. ती २०१२ च्या 'मारिया मार्गारिडा' निकालात आहे. गोव्यातलं प्रकरण, बहिणीच्या घरात राहणारा भाऊ. कोर्ट म्हणालं, ताब्याचा दावा करणाऱ्याने तपशील द्यावेत. कधी आला, कुणी आणला, कोणत्या नात्याने, कागद कोणते. मोघम 'मी अनेक वर्षं राहतो' चालणार नाही. हीच प्रश्नावली अडथळा अर्जाला पहिल्याच तारखेला लावली तर बनावट अर्ज तिथेच गळतील आणि पुरावा मोजक्याच प्रकरणांत लागेल.

आणि सहा महिन्यांचं काय झालं? 'पेरियम्मल' प्रकरणात मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तेच पुन्हा सांगावं लागलं आणि उच्च न्यायालयांकडून आकडे मागवावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये आकडे पुढे आले. देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित. त्यांत सर्वात मोठा वाटा मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या न्यायालयांचा, तीन लाखांहून अधिक. कोर्टाने स्वतःच याला निराशाजनक म्हटलं. आमच्या मते यात नवल नाही. अर्धा सौदा पाळून पूर्ण माल मिळत नाही.

एक खरा आक्षेप

कुणी म्हणेल, आणि वकील मंडळी म्हणतातच, की सुरुवातीलाच सगळ्यांना पक्षकार केलं तर दावा पुढे सरकणारच नाही. एक वारस मुंबईत, एक सुरतेला, एकाचा पत्ता नाही. प्रत्येकाची नोटीस, प्रत्येकाची कैफियत, मध्येच एक वारला की त्याचे वारस. हा आक्षेप खोटा नाही.

पण निकाल काय मागतो ते नीट बघा. तो आधी यादी मागतो, पक्षकार त्यानंतर. यादी करायला एक दुपार लागते. कमिशनर जातो, पंचांसमोर जागेत कोण आहे ते लिहितो, कुणाच्या सांगण्यावरून आहे ते विचारतो, नकाशा काढतो. ज्याचं म्हणणं 'मी भाडेकरूच्या हाताखाली आहे', त्याला पक्षकार नाही केलं तरी १९६४ चा निकाल आहेच. ज्याचं म्हणणं स्वतंत्र हक्काचं, तेवढ्यालाच बोलवायचं. आणि यादी झाल्यानंतर जो नवा येईल, तो दावा चालू असताना आला हे आपोआप सिद्ध होतं. त्याला नियम १०२ चा दरवाजा दाखवायला पुरावाच लागत नाही. म्हणजे जी दुपार आपण वाचवतो, तीच पुढची वर्षं वाचवणारी असते.

नाशकात हे तातडीचं का

नाशिकचा पावसाळा आणि जुने वाडे हे समीकरण आपल्याला सांगायला नको. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना आणि घरांना नोटिसा लावते, आणि दरवर्षी कुठलातरी वाडा किंवा त्याची भिंत पडल्याची बातमी येते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली अधिकार आहेत. तरी माणसं आतच राहतात. मालक म्हणतो, कोर्टात वाद आहे, मी दुरुस्ती का करू? भाडेकरू म्हणतो, बाहेर पडलो तर हक्क गेला. आणि तिसरा माणूस, ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, तो तर बाहेर पडायला सगळ्यात जास्त घाबरतो. जागेत असणं हाच त्याचा एकमेव पुरावा असतो. तुळई वाकलेली दिसत असते आणि तो तिच्याखाली झोपतो.

भाडेकरूची भीती कायद्याने बरीच दूर केली आहे. मिरजेच्या एका इमारतीच्या प्रकरणात, 'शहा रतनसी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल', सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं की महापालिकेने धोकादायक म्हणून इमारत पाडली तरी भाडेहक्क मरत नाही, तो जमिनीवर टिकतो. पण हा दिलासा मिळायला नाव नोंदलेलं हवं. मुंबईत अतिधोकादायक इमारत रिकामी करताना कोण किती जागेत आहे त्याची यादी आणि मोजमाप आधी करायचं, ही पद्धत उच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे रुळली. तत्त्व तेच: आधी यादी, मग ताबा. यादीत नाव गेलं म्हणजे हक्क मिळाला असं नाही. पण त्या माणसाला निर्धास्तपणे बाहेर पडता येतं आणि हक्काचा वाद छप्पर कोसळायच्या आधी जागेबाहेर नेता येतो. दिवाणी कोर्टाच्या कमिशनरने केलेली यादी वाड्यांच्या बाबतीत हेच काम करील.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी, कारण ऐकणाऱ्यांत मालकही असतील आणि भाडेकरूही.

मालकांनी दावा लावतानाच जागेत कोण कोण आहे ते वादपत्रात लिहावं, कमिशनर मागावा, जागेचा ताबा तिसऱ्याला देऊ नये असा मनाई अर्ज करावा. हुकूमनाम्यातलं वर्णन वॉरंट निघायच्या आधी जागेशी ताडून बघावं. अडथळा झाला तर नियम ९७ चा अर्ज आणि त्याच दिवशी बाजारभावाने रक्कम भरण्याचा अर्ज, दोन्ही एकत्र द्यावेत. नवीन जागा देताना करार नोंदवावा, १९९९ च्या कायद्यात ते सक्तीचंच आहे. आणि एक करू नये: कोर्टाचा कंटाळा आला म्हणून माणसं घेऊन जाऊन कुलूप तोडू नये. तो हक्क फक्त बेलिफला आहे, तोही वॉरंट असतानाच.

जागेत राहणाऱ्यांनी, पावती दुसऱ्याच्या नावाची असेल तर, आपण कधीपासून, कोणत्या नात्याने राहतो याचे कागद आजच एका पिशवीत घालून ठेवावेत. दावा लागल्याची कुणकुण लागली तर नाव नाही म्हणून स्वस्थ बसू नये. आदेश १ नियम १० खाली स्वतःहून पक्षकार होता येतं. दारात सांगितलेली गोष्ट दाव्यात सांगितली असती तर तिला जास्त वजन आलं असतं.

आणि कोर्टांकडून आपली अपेक्षा एवढीच की २०२१ चा निकाल पहिल्या निर्देशापासून वाचला जावा. ताब्याच्या दाव्यात मुद्दे काढण्याच्या तारखेला न्यायाधीशांनी एक प्रश्न विचारावा: 'या जागेत आज कोण राहतं?' त्याचं उत्तर रोजनाम्यात लिहिलं गेलं, तर बेलिफला दारात तो प्रश्न पहिल्यांदा विचारावा लागणार नाही.

आम्ही इथे थांबतो. तुमच्या वाड्यांचे प्रश्न असतील तर जरूर विचारा, फक्त नावं सांगू नका, प्रकरणं चालू आहेत.